आमच्या चौकडीचा उतरता सूर

माझा नवरा तीस वर्षं जहाजावर होता आणि मी तीस वर्षं सिंगापुरात, बेडोकच्या तेराव्या मजल्यावर. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. तक्रार करायची असती तर एवढ्या थोडक्यात आटोपली नसती, हे मला ओळखणारं कुणीही सांगेल. ते चीफ इंजिनियर होते. खलाशांपासून कॅप्टनपर्यंत सगळे त्यांना नुसतं 'चीफ' म्हणायचे, म्हणून मीही चिडवायला चीफ म्हणायला लागले आणि तेच नाव पडलं. सहा महिने बोटीवर, दोन-अडीच महिने घरी. घरी आले की पहिले आठ दिवस स्वयंपाकघरात कपाटं उघडून विचारायचे, "साखर कुठे ठेवतेस हल्ली?" साखर जिथे होती तिथेच असायची. पण मी भांडत नसे. चार दिवसांच्या पाहुण्याशी कोण भांडतं?

ते कायमचे घरी आले तेव्हा खरी पंचाईत झाली. लेक शिकून ऑस्ट्रेलियाला गेलेली, घरात आम्ही दोघंच, आणि बोलायला विषय नाही. त्यांचे विषय पंप आणि पिस्टन. माझे विषय सगळे त्यांच्या गैरहजेरीत घडलेले, त्यामुळे प्रत्येक गोष्ट मुळापासून सांगावी लागायची, आणि मुळापासून सांगता सांगता मीच कंटाळायचे. संध्याकाळी दोघं खिडकीशी बसायचो. समोर नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसतात. ते जहाजं बघायचे, मी त्यांना बघायचे आणि मनात म्हणायचे, अरे देवा, आता या माणसाचं आणि माझं पुढे काय?

त्याचं उत्तर इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या सहलीत मिळालं. ईस्ट कोस्टला समुद्रकाठी चटया अंथरून भेंड्या चालल्या होत्या. माझ्यावर वेळ आली तेव्हा सिनेमातलं एक गाणं आठवेल तर शपथ. मग मी सरळ ओवी म्हटली. माझ्या आईचं माहेर साताऱ्याकडचं. तिकडे लग्नाआधी हळद दळायला जातं मांडतात आणि बायका त्याच्याभोवती बसून ओव्या म्हणतात. लहानपणी त्यांच्यात बसून मी चाल उचलली होती. शब्द मात्र माझे, कारण जुने धड आठवत नाहीत.

कंत गेला बोटीवरी, मी ग फ्लॅटात एकली
तेराव्या मजल्यावरी, समुद्राशी ग बोलली

बायका खो खो हसल्या. तेवढ्यात माझ्या पाठीमागून, अगदी खालच्या आवाजात, कुणीतरी माझ्या ओवीला सूर धरला. नुसता धरला नाही, तर मध्येच थबकून, एक झटका देऊन पुन्हा धरला. वळून बघते तर आमचे चीफ! लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती आणि हा माणूस गातो याचा मला पत्ता नव्हता.

"कुठे शिकलात हे?" मी विचारलं.

"इंजिन रूममध्ये. तिथे कुणाला काही ऐकू जात नाही, म्हणून मोकळेपणी गाता येतं."

"आणि तो झटका कसला?"

"टँगो आहे तो," ते म्हणाले आणि चक्क लाजले. त्यांचं एक जहाज धान्य भरायला ब्यूनस आयर्सला जायचं. धक्का रिकामा होईपर्यंत कधी कधी दोन-दोन आठवडे थांबावं लागे. बंदराजवळच्या एका खाणावळीत एक म्हातारा टँगो वाजवायचा आणि हे जेवण संपलं तरी बसून राहायचे. मला वाटायचं, परदेशी बंदरात काय काय चाळे चालत असतील. हे तर बसून गाणं ऐकत होते.

त्या चटईवर बुकित बातोकचं एक तरुण जोडपं होतं. दोघंही पुण्याची, दोघंही कंप्युटरवाली. तिचा आवाज उंच आणि स्वच्छ, कॉलेजात ती चार-चार आवाजांत गाणाऱ्या गटात होती. तो मध्यम आवाजात गातो आणि तोंडाने असा काही ताल धरतो की शेजारी कुणी ड्रम घेऊन बसलंय असं वाटावं. ती उठून आमच्यापाशी आली आणि म्हणाली, "काकू, हे भन्नाट आहे! ओवीत जात्याचा खुंटा ओढताना जो हिसका बसतो ना, तो आणि काकांचा टँगो अगदी एका जागी येतोय." मला त्यातलं अर्धंच कळलं. पण चीफच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नव्या इंजिनाबद्दल बोलतानाही कधी पाहिलं नव्हतं.

अशी आमची चौकडी झाली. मंडळातल्या बायका तिला चांडाळ चौकडी म्हणतात, आणि त्यात प्रेम आहे असं मी धरून चालते. दर शनिवारी तालीम, एकदा आमच्याकडे, एकदा त्यांच्याकडे. बेडोकहून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, निघायचं, जुरोंग ईस्टला गाडी बदलायची, बुकित बातोकला उतरायचं, म्हणजे बेटाच्या या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत. डब्यात कधी साबुदाण्याची खिचडी, कधी थालीपीठ. वाद्य एकही नाही, चार गळे तेवढे. मी ओव्या जुळवायचे, चीफ त्यात टँगोचे थांबे घालायचे, ती मुलगी लॅपटॉपवर चार आवाज वेगवेगळे लिहून काढायची आणि तिचा नवरा खालून असा ताल द्यायचा की गाणं थेट आजच्या पोरांचं वाटायचं. एमआरटीत जागा अडवणाऱ्या बायकांवर आमची एक ओवी आहे. ती मंडळात गाजली, कारण प्रत्येकीला ती दुसरीवर केलीय असं वाटलं.

आता एक सांगते, आणि ते सांगताना मला लाज नाही. चार जणांनी वाद्याशिवाय गायचं तर एका क्षणी श्वास घ्यावा लागतो. शेजारच्याचा खांदा वर गेला की आपला जातो. माझ्या शेजारी चीफ उभे असायचे. तेहतीस वर्षं संसार केला, पोर वाढवली, पण या माणसाबरोबर मी एका वेळी श्वास घेतला तो या तालमींत. मंगळवारपासून मी शनिवारची वाट बघायला लागे. साठीला टेकलेली बाई, आणि शनिवारी सकाळी आरशासमोर दोनदा कुंकू पुसून दोनदा लावायची. हसा खुशाल.

दीडेक वर्ष मजेत गेलं. मग सूर उतरायला लागला.

पहिल्यांदा कळलं ते त्या मुलीला. गाणं सुरू करण्याआधी ती मोबाइलवर सूर लावून घ्यायची. आम्ही सुरू करायचो पांढरी पाचला. गाणं संपल्यावर तिने सहज पुन्हा मोबाइल लावला, तर आम्ही काळी तीनवर उभे होतो. म्हणजे अर्धा सूर खाली. चौघंही बरोबर उतरलेलो, त्यामुळे ऐकताना काही खटकत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं, त्याने छताकडे पाहिलं. चीफ थालीपिठाचा डबा उघडत होते. "एसीमुळे घसा बसतो," ती म्हणाली, आणि आम्ही तिघांनी माना डोलावल्या.

एसीचा काय संबंध! उतरत होते ते चीफ. त्यांनी सूर घ्यायचा तो तिच्या उंच आवाजावरून, आणि तो आवाज त्यांच्यापर्यंत पुरता पोचतच नव्हता. हे मला घरात आधीच कळायला हवं होतं. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, असं सांगून मी खाली जायचे आणि वर येईपर्यंत डाळीची राख झालेली असायची. मी त्यांना आळशी म्हटलं, बेफिकीर म्हटलं, तोंडाला येईल ते म्हटलं. मग एकदा मी समोरच बसले होते. कुकर शिट्टीवर शिट्टी देत होता आणि ते शांतपणे पेपर वाचत होते. त्या दिवशी मला कळलं, आणि मी उठून गुपचूप गॅस बंद केला.

पण मी बोलले नाही. मी! जिला दुधात मीठ पडलं तरी चार मजल्यांना ऐकू जाईल एवढं बोलता येतं, ती मी गप्प बसले. त्या मुलीला वाटलं, काका वडीलधारे, त्यांची चूक आपण कोण काढणार? तिच्या नवऱ्याला वाटलं, बायको सांगेल. आणि मला वाटलं, यांना कळलं तर हे गाणं सोडतील, आणि मग पुन्हा आम्ही दोघं आणि ती खिडकी. मग आम्ही तिघांनी काय केलं? ते जसे उतरतील तसे आम्हीही त्यांच्याबरोबर गुपचूप उतरायला लागलो. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही. मोठ्या माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपण त्याच्या पावलाने चालतो ना, तसंच. आपल्या माणसांत हा गुण आहे, आणि कधी कधी तोच अंगाशी येतो.

आमच्या ब्लॉकखाली, खांबांमधल्या मोकळ्या जागेत, ज्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात, सकाळी एक चिनी अंकल अकॉर्डियन वाजवत बसतात. चीफनी त्यांना मोबाइलवर टँगो ऐकवला. अंकलनी एकदा ऐकला, डोळे मिटून मान हलवली आणि म्हणाले, "कॅन, कॅन," म्हणजे इथल्या बोलीत जमेल. मग दोन तालमी त्यांच्याबरोबर झाल्या. अकॉर्डियन सुरुवातीपासून साथीला असलं की त्याचा खालचा घुमारा चीफना नीट ऐकू यायचा आणि ते एक केसभरही ढळायचे नाहीत. मला वाटलं, सुटलो बाई. ईश्वराला काळजी.

आमच्या भागातल्या कम्युनिटी क्लबात रहिवाशांचा कार्यक्रम होता, रविवारी दुपारी. आमची चौकडी पहिल्यांदाच मंडळाबाहेर गाणार होती. आदल्या दिवशी त्या मुलीच्या डोक्यात आलं, "काकू, पहिल्या तीन ओव्या नुसत्या गळ्यांनी गाऊ. मग अचानक अंकल आत येतील. अंगावर काटा येईल लोकांच्या!" माझ्या अंगावर तिथेच आला. नको म्हणायला हवं होतं. पण नको म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं, आणि चीफ तिथेच बसले होते, खुशीत मांडीवर ताल धरून. मी म्हटलं, "छान कल्पना आहे."

हॉल भरला होता. चिनी आजी-आजोबा, मलय बायका, मंडळातली निम्मी माणसं. पहिली ओवी छान झाली. दुसरीत चीफ उतरले. आम्ही तिघं लगेच मागोमाग, सवयीने. तिसऱ्या ओवीला ते आणखी उतरले, आम्हीही आणखी. आमचं आमच्यात काही बिनसलं नव्हतं. लोक तल्लीन होते. आणि मग अंकलनी भाता ओढला.

पांढरी पाच. खणखणीत. आणि आम्ही पांढरी चारवर!

काय तो आवाज झाला, सांगता येत नाही. दारात बोट सापडावं तसा मी श्वास आत ओढला. पहिल्या रांगेतल्या एका पोराने कानांवर हात ठेवले. अंकल थांबले. त्यांनी आपल्या पट्ट्यांकडे पाहिलं, मग चीफच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं, हे मला त्याच वेळी दिसलं. आणि त्या भल्या माणसाने उठून लोकांपुढे कमरेतून वाकून म्हटलं, "सॉरी, सॉरी. माय मिस्टेक." लोकांनी त्यांना धीर द्यायला टाळ्या वाजवल्या. उरलेलं गाणं आम्ही कसंबसं साथीशिवाय संपवलं.

घरी चालत येताना चीफ म्हणाले, "बिचाऱ्या अंकलची पेटी ऐन वेळी बिघडली. सूर चढलेत तिचे."

तेव्हा तरी बोलायचं ना! पण नाही. मी म्हटलं, "हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर हे घरात नाहीत, आणि हत्यारांची निळी पेटीही नाही. मी चहाचा थर्मास घेऊन खाली गेले. व्हॉइड डेकच्या दगडी टेबलावर, ज्यावर बुद्धिबळाचा पट कोरलाय, त्यावर अंकलचं अकॉर्डियन उघडून पसरलं होतं. भाता एकीकडे, पट्ट्यांचं लाकूड एकीकडे, आणि पटाच्या एकेका चौकोनात एकेक स्क्रू, काढला त्या क्रमाने मांडलेला. चीफ चष्मा कपाळावर चढवून एकेक सूर, म्हणजे आतली धातूची जीभ, फुंकून बघत होते आणि मोबाइलवर त्याची पट्टी तपासत होते. मोबाइल दर वेळी हिरवा होत होता, म्हणजे सूर बरोबर. हिरवा, हिरवा, हिरवा. आणि ते प्रत्येक वेळी म्हणत, "हा ठीक आहे. पुढचा बघू."

अंकल समोर हात मांडीवर ठेवून बसले होते. ती पेटी त्यांच्या वडिलांची, हे त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चांगली, धडधाकट, तासभरापूर्वीपर्यंत वाजणारी पेटी त्यांनी एका बहिऱ्या होत चाललेल्या शेजाऱ्याला उघडू दिली होती, का, तर त्याचं मन दुखावू नये. त्यांनी माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. राहू दे, असं.

मला राहवलं नाही. तीस वर्षं सांभाळलेला सगळा शहाणपणा गेला कुठल्या कुठे. "बास करा हो!" मी ओरडले. "पेटीला काही झालेलं नाही. तिचे सूर चढले नव्हते, आपण उतरलो होतो. कान गेलेत तुमचे, कान!"

पलीकडे व्यायाम करणाऱ्या बायका थांबल्या. चीफनी हातातला सूर खाली ठेवला.  मग त्यांनी अकॉर्डियन पुन्हा जोडायला घेतलं. एकेक स्क्रू, उलट क्रमाने, घाई न करता. शेवटचा बसवून झाल्यावर फडक्याने पेटी पुसली, अंकलच्या हातात दिली आणि इंग्रजीत माफी मागितली. लिफ्टमध्ये, सातवा मजला गेल्यावर, त्यांनी विचारलं, "किती दिवस?"

"सहा महिने," मी म्हटलं. "कदाचित जास्त."

"आणि पोरांना?"

"तेवढंच."

त्यांनी मान हलवली. दुपारी चौकडीच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला, इंग्रजीत, तीन शब्दांचा: साइनिंग ऑफ. थँक्स. बोटीवरून करार संपवून उतरताना ते हेच लिहायचे, आणि मला तो शब्द किती गोड वाटायचा! साइन ऑफ म्हणजे घरी येणार. आता ते घरातूनच साइन ऑफ झाले होते. मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

मग कानांचा दवाखाना झाला. तिथल्या बाईंनी कागदावर एक रेघ दाखवली, डावीकडून बरी आणि उजवीकडे कड्यावरून पडलेली. इतकी वर्षं इंजिनाजवळ काढली की असं होतं म्हणाल्या. उंच आवाज आधी जातात, खालचे बरेच दिवस टिकतात, गेलेलं परत येत नाही. मला त्या इंजिनाचा असा राग आला! माझी सवतच ती. नवऱ्याची तीस वर्षं घेतली आणि परत पाठवताना कान ठेवून घेतले.

"घरात कुणाचं बोलणं नीट ऐकू येतं?" बाईंनी विचारलं.

"हिचं," चीफ म्हणाले. "हिचं नको तेवढं येतं."

दोन छोटी यंत्रं मिळाली कानांत घालायला. बोलणं, कुकर, दारावरची बेल, सगळं ऐकू यायला लागलं. पण गाणं त्यांतून पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं म्हणाले. गाणं हा विषयच त्यांनी बंद केला. दोन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी मी पोळ्या लाटत होते, ते शेजारी उभे राहून भाजत होते, आणि मी लाटणं आपटून म्हटलं, "असं किती दिवस चालणार?"

"काय?"

"तुम्ही माझ्यावर रागावलात ते."

"रागावलो नाही." त्यांनी पोळी उलटली. "जहाजावर गेज असतं. तेलाचा दाब किती, पाण्याचं तापमान किती. गेज वाईट बातमी देतं म्हणून कुणी त्याच्यावर रागावत नाही. पण गेज मला बरं वाटावं म्हणून खोटं दाखवायला लागलं, तर सगळी बोट जाते. माझं गेज तू होतीस."

मी उगाच पुढची पोळी लाटायला घेतली. 

"मी घाबरले," शेवटी मी म्हणाले. "तुम्ही गाणं सोडाल म्हणून घाबरले. तीस वर्षं तुम्ही नव्हतात, मी काढली. आता तुम्ही घरात असून नसाल, तर ते मला नाही हो निभायचं. तुमच्या शेजारी उभं राहून गाते तेवढाच वेळ मला तुम्ही माझे वाटता." पोळी जळत होती. मी मुसमुसत तशीच उभी होते.

त्यांनी गॅस बंद केला. पिठाचे माझे हात हातात घेतले. "मला सांभाळून घेऊ नकोस," ते म्हणाले. "रीडिंग दे. त्या त्या वेळी, जे असेल ते. मग बघू मला किती जमतंय."

त्या संध्याकाळी पोरं आली. मुलगी दारातच रडायला लागली, "काका, चुकलं आमचं." चीफनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तालमीचा नवा नियम सांगितला. जो उतरेल त्याला तिथल्या तिथे सांगायचं, वय बघायचं नाही. त्यांनी सूर आता माझ्यावरून घ्यायचा, कारण माझा आवाज खालचा आणि त्यांना ऐकू येणारा. यंत्रं काढून ठेवायची. मी त्यांच्या आणखी जवळ, खांद्याला खांदा लावून उभी राहायला लागले.

पहिल्या तालमी म्हणजे छळ होता. पोरांना काही केल्या तोंड उघडवेना. काका उतरले की तो ताल विसरायचा आणि ती ओढणीचं टोक चावायची. सांगायची वेळ दर वेळी माझ्यावर. "उतरलात." पुन्हा सुरू. "उतरलात." पुन्हा. टोचून बोलण्यात मी आधीपासूनच पटाईत, पण हे टोचणं नव्हतं, आणि म्हणून मला ते फार जड गेलं. एकदा त्यांचा चेहरा इतका पडला की मला वाटलं, मरो ते गाणं, मिठी मारावी आणि दोघांनी खिडकीशी जाऊन बसावं. पण ते म्हणाले, "घ्या पुन्हा," आणि आम्ही पुन्हा घेतलं.

मंडळाची दिवाळी पहाट आली. सकाळचे सहा, हॉलबाहेर उटण्या-अत्तरांचा वास, आत पैठण्या आणि फराळाची ताटं. आमचं गाणं तेच ठरलं, कम्युनिटी क्लबातलं, आणि चीफच्या हट्टाने तसंच. पहिल्या तीन ओव्या नुसत्या गळ्यांनी, मग अंकल. अंकल नवा रेशमी शर्ट घालून पेटी मांडीवर घेऊन बसले होते.

पहिली ओवी झाली. दुसरीही पक्की उभी राहिली. तिसऱ्या ओवीच्या मध्यावर चीफ उतरले.

थोडेसेच. हॉलमध्ये कुणाला कळलंही नसतं. मुलीने माझ्याकडे पाहिलं, आणि मला जाणवलं की तिचा आवाज त्यांच्यामागे निघालाय. तिच्या नवऱ्याचाही निघालाय. आणि देवाशप्पथ सांगते, माझाही निघाला होता. इतकं सोपं होतं ते! सणाची सकाळ, समोर सगळी ओळखीची माणसं, त्यांचा नवा कुडता. एवढं आजच्या दिवस सांभाळून घेतलं तर काय बिघडणार होतं?

मी गायची थांबले. मग पोरं थांबली. सगळ्यात शेवटी चीफ थांबले, कारण आम्ही थांबलोय हे कळायला त्यांना माझ्याकडे बघावं लागलं. हॉल चिडीचूप झाला. 

पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, आणि त्या शांततेत ते अगदी स्टेजपर्यंत आलं, "अगं बाई, गळपटली वाटतं ही!"

चीफनी मोठ्याने विचारलं, आपण किती मोठ्याने बोलतो ते त्यांना कळत नाही, "काय झालं?"

माईक समोरच होता. माझा आवाज सगळ्या हॉलभर गेला.

"अहो, अर्धा सूर उतरलात तुम्ही. वर या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खांदा माझ्या खांद्याला घट्ट टेकवला, डोळे मिटले, आणि मी धरलेल्या सुरावर ते हळूहळू, चाचपडत, वर आले.